उष्ण तलावातील पोहण्याचा सराव आणि अतिस्विन्नता

मे महिन्यात स्पर्धेसाठी सराव करणारी मुले चिकित्सालयात येऊ लागतात. डोके जड, पोटऱ्यांत गोळे, भूक मंद, नेहमीचे अंतर पोहण्यास लागणारा वेळ वाढलेला. पालक बल्य औषध मागतात आणि औषधालयातून अश्वगंधेचे चूर्ण दिले जाते. तलावाचे पाणी किती उष्ण होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

पाण्यात असताना शरीर तापणार कसे, हा समज वैद्यवर्गातही आढळतो. व्यायामात स्नायूंनी खर्चिलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतारूपाने बाहेर पडतो. जमिनीवर घाम वाळून ती उष्णता निघून जाते. पाण्यात घाम येतो, परंतु वाळत नाही. बुडालेल्या शरीराला आपली उष्णता पाण्यालाच द्यावी लागते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णतावाहक असल्याने २६-२७ अंश सेल्सिअसला हे सहज घडते. ३१-३२ अंशांवर त्वचा व पाणी यांच्या तापमानातील अंतर फारच थोडे उरते आणि अंतस्ताप वाढत जातो. तलावातील आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी २५ ते २८ अंशांची मर्यादा आहे, ती याचसाठी. विदर्भ-खानदेशातील उथळ व उघडे तलाव उन्हाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडतात. शिशू वा संधिवाताचे रुग्ण यांच्यासाठी मुद्दाम उबदार ठेवलेले पाणी त्यांना हितकर असले, तरी वेगाच्या सरावास ते अयोग्यच होय.

आता शास्त्रदृष्टीने पाहू. चरकाचार्यांनी अवगाहाची गणना तेरा साग्नि स्वेदांत केली आहे, तर व्यायामाची दहा निरग्नि स्वेदांत. उष्ण तलावातील कठोर सराव म्हणजे हे दोन स्वेद एकाच वेळी घेणे होय. (चिकित्सेतील अवगाहाचे पाणी याहून उष्ण असते, हे खरे, परंतु तेथे रुग्ण स्वस्थ बसलेला असतो.) शिवाय व्यायामाची अर्धशक्ती आपण कपाळ, नाक व सांधे यांवरील घामावरून ओळखतो. पाण्यात हे लक्षणच धुऊन जाते, त्यामुळे प्रशिक्षकाला व पोहणाऱ्याला थांबण्याची खूण मिळत नाही. पुढे पित्तप्रकोप, तृष्णा, दाह, अंगदौर्बल्य, मूर्च्छा हे अतिस्विन्नाचे चित्र उभे राहते. चरकाने ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, याचेही येथे स्मरण व्हावे.

हा धोका केवळ थकव्यापुरता नाही. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे १० किलोमीटरच्या सागरी शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू मृत्यू पावला. त्या दिवशी पाणी व हवा दोन्ही अत्यंत उष्ण होती. पुढे खुल्या पाण्यातील शर्यतींसाठी ३१ अंशांची कमाल मर्यादा घालण्यात आली.

चिकित्सेचे सूत्र चरकानेच दिले आहे: अतिस्विन्नास ग्रीष्मचर्येचा मधुर, स्निग्ध, शीत विधी. शर्करायुक्त शीत मंथ, धने व वाळा यांचा हिम, मनुका, दूध-तूप हे प्रशस्त. उष्णवीर्य अश्वगंधा किंवा त्रिकटुयुक्त कल्प या अवस्थेत देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रीष्मचर्येत लवण वर्ज्य असले, तरी घामावाटे मीठ गेलेल्याला ते द्यावेच लागते. त्यासाठी अविदाही असे सैंधव लिंबाच्या सरबतात चिमूटभर घालावे. सरावापूर्वी व नंतर वजन करण्यास सांगावे. घटलेले प्रत्येक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम, हा हिशेब पालकांना लगेच पटतो. पाणी ३० अंशांपुढे असेल तर सराव पहाटे घ्यावा, अंतर कमी करावे, फेऱ्यांमधील विश्रांती वाढवावी आणि ती पाण्याबाहेर, सावलीत घ्यावी.

असंबद्ध बोलणे, झोक जाणे, उलटी वा शुद्ध हरपणे दिसल्यास मात्र काढे-चूर्णांत वेळ दवडू नये. रुग्णास पाण्याबाहेर काढून सावलीत न्यावे, सर्वांगावर बर्फाचे पाणी ओतीत राहावे, तोंडावाटे काहीही देऊ नये आणि तत्काळ रुग्णालयात हलवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही उन्हाळ्यात बल्य कल्प मागणाऱ्यास मूल कोठे पोहते व तेथील पाणी अंगाला कोमट लागते काय, एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास बाटली न देता त्यास वैद्यांकडे पाठवावे.