नव्या टीव्हीवर सिनेमा मालिकेसारखा का दिसतो? मेकॅनिकला बोलावण्याआधी 'ही' सेटिंग्ज बदलून पाहा

दिवाळीच्या ऑफरमध्ये मोठा ४के टीव्ही घरी येतो. बसवायला आलेला मुलगा तो भिंतीवर लावतो, वाय-फाय जोडतो आणि निघून जातो. रात्री सगळे जण हौसेने सिनेमा लावतात आणि काहीतरी खटकतं. चेहरे मेणाचे वाटतात, पांढरा शर्ट निळसर दिसतो आणि सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा भासतो. 'टीव्हीच खराब निघाला' असं वाटून कंपनीकडे तक्रारही केली जाते. पण बऱ्याचदा टीव्हीत दोष नसतो. चुकलेली असतात ती त्याची सेटिंग्ज.

शोरूममधलं चित्र घरी का चालत नाही?

दुकानातल्या लख्ख उजेडात, शेजारच्या दहा टीव्हींमध्ये उठून दिसायचं तर चित्र भडक हवं. त्यासाठी 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड असतो. त्यात रंग गडद होतात आणि पांढऱ्यावर निळी झाक येते. घरातल्या मंद उजेडात तेच चित्र डोळ्यांना टोचतं. टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना 'होम'ऐवजी 'स्टोअर' किंवा 'रिटेल' पर्याय निवडला गेला असेल, तर बदललेली सेटिंग्ज थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होतात. म्हणून आधी तो पर्याय तपासा.

सिनेमाची मालिका कोण करतं?

सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम्स या वेगाने चित्रित होतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र बदलतो. मधल्या जागा भरण्यासाठी टीव्ही स्वतःच्या अंदाजाने नव्या फ्रेम्स तयार करतो. यालाच 'मोशन स्मूदिंग' म्हणतात. त्यामुळे हालचाल अतिगुळगुळीत होते. मालिका आणि बातम्या वर्षानुवर्षं अशाच गुळगुळीत व्हिडिओवर पाहिल्यामुळे आपल्याला सिनेमाही तसाच वाटू लागतो. या परिणामाला 'सोप ऑपेरा इफेक्ट' असं नाव आहे.

अभिनेता टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी डिसेंबर २०१८मध्ये खास व्हिडिओ करून प्रेक्षकांना ही सोय बंद करायला सांगितलं होतं. त्यानंतर २०१९मध्ये 'यूएचडी अलायन्स' या उद्योगसमूहाने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला. त्यात मोशन स्मूदिंग आणि जादा शार्पनेस बंद होतो आणि दिग्दर्शकाने ठरवलेले रंग जपले जातात. हा मोड आता अनेक कंपन्यांच्या टीव्हींमध्ये मिळतो.

नेमकं काय बदलायचं?

पिक्चर मोड : 'फिल्ममेकर', 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा. निम्मं काम इथेच होतं.

मोशन : सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीमध्ये 'ट्रूमोशन', सोनीमध्ये 'मोशनफ्लो' अशी नावं दिसतील. सिनेमासाठी हे बंद ठेवा. क्रिकेट पाहताना आवडत असेल तर सुरू करा.

कलर टोन : 'कूल'वरून 'वॉर्म'वर या. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल. दोन-तीन दिवस तसंच ठेवा, डोळ्यांना सवय होईल.

शार्पनेस : कमी करा. शार्पनेस वाढवल्याने नवे बारकावे दिसत नाहीत, फक्त कडांभोवती पांढरी रेघ उमटते.

बॅकलाइट आणि ब्राइटनेस : काही टीव्हींमध्ये 'ब्राइटनेस' म्हणजे काळ्या रंगाची पातळी असते आणि पडद्याचा उजेड 'बॅकलाइट'मधून बदलतो. दिवसा बॅकलाइट वाढवा, रात्री कमी करा. एलईडी टीव्हीची वीजही त्याने वाचते. चित्र फारच मंद असेल तर 'एनर्जी सेव्हिंग' सुरू आहे का, ते पाहा.

स्क्रीन साइझ : सामन्यात स्कोअरची पट्टी कडेला कापली जात असेल तर 'फिट टू स्क्रीन' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा.

बदल केले, तरी फरक नाही?

सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल आणि टीव्हीतली ॲप्स यांची सेटिंग्ज अनेकदा वेगवेगळी साठवली जातात. 'अप्लाय टू ऑल इनपुट्स'सारखा पर्याय असेल तर तो वापरा. एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनची सेटिंग्जही स्वतंत्र असतात. तसा एखादा सिनेमा सुरू असतानाच ती बदला. गेम खेळताना मात्र 'गेम मोड' ठेवा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावरची हालचाल किंचित उशिरा होते.

सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट १०८०वर आहे का, तेही तपासा. एसडी वाहिनी मोठ्या ४के पडद्यावर थोडी धूसरच दिसणार. त्यावर सेटिंग्जचा इलाज नाही.

मेकॅनिकला कधी बोलवायचं?

रिमोटवरून टीव्हीचा मेन्यू उघडा. पडद्यावरची रेघ, डाग किंवा काळा पट्टा मेन्यूवरही दिसत असेल तर दोष टीव्हीत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी फोटो काढून वॉरंटीतच तक्रार नोंदवा. मेन्यू स्वच्छ आहे आणि फक्त कार्यक्रमाचं चित्र बिघडलंय, तर आधी वायर, बॉक्स आणि सेटिंग्ज पाहा. प्रयोग फसला तरी घाबरू नका. 'रिसेट पिक्चर' केलं की सगळं पहिल्यासारखं होतं.