कथा तीच, मग सिनेमात एवढं का बदलतं?

'मूळ कथा वाचली होती, सिनेमाने पार वाट लावली.' गाजलेल्या कथेवर चित्रपट किंवा वेब सिरीज आली की ही प्रतिक्रिया ठरलेली. कधी शेवट बदललेला असतो, कधी गाव, तर कधी मूळ कथेत नसलेली दोन-चार माणसं पडद्यावर वावरत असतात. मग आपण ठरवून टाकतो की दिग्दर्शकाला कथा कळलीच नाही.

काही वेळा ते खरंही असतं. पण बऱ्याचदा यामागे एक साधं कारण असतं. लघुकथेला मोघम राहता येतं, कॅमेऱ्याला सहसा राहता येत नाही. 'ती एका जुन्या घरात राहायची' एवढं लिहून लेखक पुढे जाऊ शकतो. दिग्दर्शकाला मात्र भिंतींचा रंग कोणता, दार कसं, खिडकीतून काय दिसतं, हे सगळं ठरवावंच लागतं. माणसांच्या बाबतीतही तेच आणि त्यांच्यातल्या भांडणाच्या बाबतीतही तेच. असा प्रत्येक निर्णय म्हणजे कथेचा एक अर्थ निवडणं.

हा फरक संघर्ष, परिवेश आणि पात्र या तीन गोष्टींत सगळ्यात स्पष्ट दिसतो. काही प्रसिद्ध उदाहरणांमधून तो समजून घेऊया. (पुढे काही कथांचे आणि चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत.)

आधी हे तीन शब्द

संघर्ष म्हणजे हाणामारी नव्हे. कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि ते मिळण्यात अडथळा असतो, तो संघर्ष. अडथळा दुसरा माणूस असेल, समाज असेल, आजार असेल किंवा स्वतःचं मनही असेल.

परिवेश म्हणजे फक्त ठिकाण नाही. काळ, हवामान, घरातली माणसं, त्यांची भाषा, गावातल्या रीतीभाती हे सगळं त्यात येतं.

पात्र म्हणजे कथेतला माणूस. तो काय करतो, काय टाळतो आणि आपल्याला त्याच्याबद्दल किती कळतं, यावरून तो उभा राहतो.

संघर्ष: मनातलं पडद्यावर कसं आणायचं?

मन्नू भंडारी यांची 'यही सच है' ही हिंदी कथा घ्या. दीपा कानपूरला राहते आणि तिचं संजयवर प्रेम आहे. मुलाखतीसाठी ती कलकत्त्याला जाते आणि तिथे तिचा जुना प्रियकर निशीथ भेटतो. तिथे असताना तिला वाटतं, खरं प्रेम हेच. कानपूरला परतल्यावर संजय रजनीगंधाची फुलं घेऊन दारात उभा राहतो आणि तिला वाटतं, नाही, खरं हेच.

या कथेत बाहेर जवळजवळ काहीच घडत नाही. भांडण नाही, खलनायक नाही, घरच्यांचा विरोधही नाही. दीपा स्वतःच डायरी लिहावी तशी बोलते आणि सगळा संघर्ष तिच्या दोन वाक्यांमधल्या विसंगतीत आहे. काल जे ठामपणे म्हटलं, त्याच्या उलट ती आज तितक्याच ठामपणे म्हणते. ती स्वतःला फसवते आहे का, हे लेखिका सांगत नाही.

बासू चटर्जींनी १९७४ मध्ये यावर 'रजनीगंधा' केला. कॅमेरा दीपाचा चेहरा दाखवू शकतो, पण त्यामागचा विचार दिसत नाही. मग चित्रपटाने काय केलं? काही ठिकाणी दीपाचं मनोगत ऐकवलं, काही ठिकाणी विद्या सिन्हांच्या नजरेवर भरवसा ठेवला आणि टॅक्सीतल्या प्रवासात एका गाण्याला बोलू दिलं. या गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे घालमेल दीपाच्या मनातली आणि आवाज पुरुषाचा, तरी प्रेक्षकाला ते खटकत नाही. मनातलं बाहेर काढण्यासाठी हिंदी सिनेमाने फार पूर्वीच शोधलेली ही वाट आहे.

पण एक गोष्ट बदललीच. कथेत संजय आणि निशीथ आपल्याला फक्त दीपाच्या शब्दांतून कळतात. सिनेमात दोघांनाही शरीर मिळतं, आवाज मिळतो. संजय म्हणजे उशिरा येणारा, ऑफिसच्या गप्पांत रमणारा, मनमोकळं हसणारा अमोल पालेकर, तोही आपल्या पहिल्याच हिंदी चित्रपटात. प्रेक्षक स्वतःच संजयच्या प्रेमात पडतो. कथा वाचताना 'दीपाला खरंच काय हवंय?' हा प्रश्न उरतो. सिनेमा बघताना 'दीपाने कुणाला निवडावं?' असा प्रश्न पडतो. दोन्ही ठिकाणी शेवटी संजयच आहे आणि फुलंही तीच. तरी संघर्ष किंचित सरकलेला आहे.

परिवेश: एका वाक्याचं शहर

याच चित्रपटात कानपूर-कलकत्त्याच्या जागी दिल्ली-मुंबई आली. निशीथचा नवीन झाला आणि तो जाहिरातींच्या जगात वावरू लागला. हा वरवरचा बदल वाटतो, पण त्यातून दोन पुरुषांमधला फरक शहरांमधूनच दिसतो. दिल्लीत ओळखीचं, थोडं सुस्त जगणं, तर मुंबईत झगमगाट आणि धावपळ. संवादातून सांगायची गरजच उरत नाही.

परिवेश वापरण्याचं आपल्याकडचं एक उत्तम उदाहरण म्हणजे 'श्वास'. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित, संदीप सावंत दिग्दर्शित हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा दुसरा मराठी चित्रपट. कोकणातल्या लहानग्या परशाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यात दृष्टी जाईल. हे त्याला सांगायची वेळ आजोबांवर येते.

संघर्ष स्पष्ट आहे, पण तो पोहोचवतो परिवेश. एकीकडे शहरातलं रुग्णालय आणि त्याची रीत, दुसरीकडे आठवणींमधून येणारं हिरवंगार कोकण. ते कोकण बघताना आपल्या लक्षात येतं, की हे सगळं या मुलाला पुन्हा दिसणार नाही. वाचक 'हिरवं' हा शब्द वाचतो, प्रेक्षक तो रंग डोळ्यांनी बघतो. बघणं हाच जिथे विषय आहे, तिथे पडदा कागदापेक्षा वरचढ ठरतो. चित्रपटात कथेचं नुकसानच होतं असं म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा बघावा.

एकाच कथेत तिन्ही बदल: 'शतरंज के खिलाडी'

प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' ही कथा १९२४ ची. सत्यजित राय यांचा त्याच नावाचा चित्रपट १९७७ चा. काळ १८५६ चा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने अवधचं राज्य खालसा केलं ते वर्ष. मिर्झा आणि मीर हे लखनौचे दोन सरदार बुद्धिबळात इतके गुंग आहेत की राज्य बुडत असल्याचं त्यांना सोयरसुतक नाही.

परिवेश: प्रेमचंद विलासात बुडालेलं लखनौ सुरुवातीच्या काही ओळींत उभं करतात आणि थेट पटाकडे वळतात. राय यांना ते लखनौ कपडे, हुक्के, दिवाणखाने आणि उर्दूचा लहेजा यांतून दाखवावं लागलं. राय बंगाली. पटकथा त्यांची असली तरी संवादांसाठी त्यांनी शमा झैदी आणि जावेद सिद्दिकी यांची मदत घेतली.

पात्र: कथेत नवाब वाजिद अली शाह जवळजवळ पडद्याआड आहे. कंपनीचं सैन्य त्याला कैद करून नेतं, हे काही ओळींत येतं. चित्रपटात तो दुसरा नायकच होतो. 'शोले'तल्या गब्बरनंतर दोनच वर्षांनी अमजद खान इथे संगीत आणि कवितेत रमणारा, राज्यकारभारात दुबळा, पण माणूस म्हणून हळवा नवाब साकारतात. त्याच्यासमोर रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा जनरल औट्रम. म्हणजे घरातल्या पटाशेजारी राय यांनी राजकारणाचा दुसरा पट मांडला.

मीरच्या बायकोचंही बघा. नवऱ्याने घराबाहेर राहावं हे तिला काही कारणाने बरं वाटतं, अशा अर्थाचा इशारा देऊन प्रेमचंद पुढे जातात. वाचक मनातल्या मनात हसतो. चित्रपटात तिचा प्रियकर प्रत्यक्ष दिसतो आणि एकदा तर पलंगाखाली सापडतो. सैन्यभरतीपासून लपलोय, अशी थाप तो मारतो आणि मीरला ती पटते. इशाऱ्याचं दृश्य झालं. सूक्ष्मता गेली, पण मीरचा आंधळेपणा डोळ्यांसमोर आला.

संघर्ष: सगळ्यात मोठा बदल शेवटात आहे. कथेत एका चालीवरून दोघांचं भांडण होतं, तलवारी निघतात आणि दोघेही मरतात. राजासाठी ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, त्यांनी लाकडी वजिरासाठी जीव दिला, हा प्रेमचंदांचा जळजळीत उपरोध.

चित्रपटात भांडण होतं, गोळीही सुटते, पण कुणी मरत नाही. दोघे ओशाळतात आणि पुन्हा पट मांडतात, या वेळी इंग्रजी नियमांनी, म्हणजे वजिराच्या जागी राणी.

यात फरक काय पडतो? प्रेमचंद लिहीत होते तेव्हा इंग्रजांचं राज्य चालू होतं. निष्क्रिय सरदारांना ते शिक्षा देतात आणि वाचकाला एक प्रकारे इशाराही. राय चित्रपट करत होते तेव्हा स्वातंत्र्याला तीस वर्षं झाली होती. त्यांच्या चित्रपटात असे लोक मरत नाहीत, ते नव्या सत्तेचे नियम शिकून घेतात आणि खेळत राहतात. पहिल्या शेवटात वाचकाला राग येतो आणि हिशेब पूर्ण झाल्यासारखा वाटतो. दुसऱ्यात प्रेक्षक अस्वस्थ राहतो, कारण हिशेब झालेलाच नाही. नवाबाच्या चित्रणावरून चित्रपटावर टीकाही झाली आणि राय यांनी तिला लेखी उत्तर दिलं. शेवट बदलणं म्हणजे दोष कुणाचा, याचं उत्तर बदलणं. म्हणूनच अशा बदलांवर एवढे वाद होतात.

मग सगळा दोष माध्यमाचाच का?

नाही. एकाच कथेवरचे दोन चित्रपट बघितले की हे कळतं. विजयदान देथा यांची 'दुविधा' ही राजस्थानी लोककथेच्या वळणाची कथा आहे. व्यापारी नवरा लग्नानंतर लगेच दूर निघून जातो, नववधूवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं आणि तिला खरं काय ते सांगतं. खरा नवरा परततो तेव्हा भूत पकडलं जातं आणि वधूला न विचारताच तिचं आयुष्य ठरतं.

मणी कौल यांनी १९७३ मध्ये 'दुविधा' केला. कमी संवाद, स्थिर चौकटी, भावना न दाखवणारे चेहरे. वधूच्या मनात काय चाललंय ते ते ठसठशीत करत नाहीत. म्हणजे ठरवलं तर पडदाही मोघम राहू शकतो, फक्त प्रेक्षकाला संयम ठेवावा लागतो. २००५ मध्ये अमोल पालेकरांनी याच कथेवर 'पहेली' केला. शाहरुख खान दुहेरी भूमिकेत, राणी मुखर्जी वधू, सोबत बोलणाऱ्या बाहुल्या आणि गाणी. शेवटी भूत नवऱ्याच्या शरीरातच शिरतं आणि वधूला तिचं प्रेम मिळतं. देथांची वधू हरते, पालेकरांची जिंकते. कथा तीच, माध्यमही तेच. निवड दिग्दर्शकाची.

लांबीचाही खेळ आहे

लघुकथा एका बैठकीत संपते आणि सहसा एकाच प्रसंगाभोवती फिरते. दोन तासांच्या चित्रपटाला तेवढं पुरत नाही, म्हणून उपकथा आणि जादा पात्रं येतात. अनेक भागांच्या सिरीजला तर प्रत्येक भागाच्या शेवटी नवा पेच लागतो, नाहीतर प्रेक्षक पुढचा भाग लावणार नाही. म्हणूनच लघुकथेची सगळ्यात चांगली जोडी जमते ती छोट्या भागाशी. आर. के. नारायण यांच्या कथांवरची, शंकर नाग दिग्दर्शित 'मालगुडी डेज' ही दूरदर्शन मालिका आठवा. अनेक भागांत एक कथा, एक पेच आणि बस्स. फुगवायची वेळच आली नाही.

पुढच्या वेळी काय बघाल?

'कथेशी प्रामाणिक आहे का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं आणि चर्चा तिथेच थांबते. त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारून बघा:

- कथेत मनात असलेला संघर्ष पडद्यावर कुठे गेला? संवादात, गाण्यात, चेहऱ्यावर, की गायबच झाला?
- गाव, शहर किंवा काळ बदलला असेल, तर त्यातून काही नवं कळतं का, की फक्त शूटिंगची सोय झाली?
- कथेने न सांगितलेलं काय चित्रपटाने ठरवून टाकलं आणि त्याचा फायदा कोणत्या पात्राला झाला?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'यही सच है', 'शतरंज के खिलाडी' आणि 'दुविधा' या तिन्ही कथा छोट्या आहेत, एका सुट्टीच्या दिवशी वाचून होतील. आधी कथा वाचा, मग चित्रपट बघा आणि दीपा, मीरची बायको किंवा ती नववधू यांच्या वाट्याला कुठे जास्त आलं ते स्वतःच ठरवा.