पांढऱ्या गोळ्यांची पेटी

चांदवडसारख्या गांवीं एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांत औषधांच्या जागा ठरलेल्या असतात. सुंठ, ओवा, ज्येष्ठमध, बाळहिरडा हीं स्वयंपाकघरांतील फडताळांत. आसवारिष्टांच्या बाटल्या देवघराजवळच्या कोनाड्यांत. यांच्याविषयीं घरांत वाद होत नाहीं. वाद होतो तो साखरगोळ्यांच्या लांकडी पेटीविषयीं. एक पक्ष तिला खडीसाखरेचा डबा म्हणून हिणवितो, दुसरा तिच्यावांचून प्रवासास निघत नाहीं. आमच्या घरीं हे दोन्ही पक्ष एकाच पंक्तीला जेवतात, म्हणून होमिओपाथीविषयीं चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

या पद्धतीचें तत्त्व समजण्यास चांदवडकरांस लांब जावयास नको. कांद्याच्या हंगामांत बाजाराच्या आवारांत घटकाभर उभें राहिलें कीं नाकाडोळ्यांस पाणी सुटतें. निरोग्यास जी वस्तु जें दुखणें आणते, तीच सूक्ष्म मात्रेनें तेंच दुखणें बरें करते, हें डॉक्टर हानेमान यांचें म्हणणें. हे जर्मन गृहस्थ १७५५ सालीं जन्मले. १७९० सालीं त्यांनीं सिंकोना झाडाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि १८१० सालीं ‘ऑर्गॅनन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पडशावर देण्यांत येणारें ‘अ‍ॅलियम सेपा’ हें त्यांच्या संप्रदायांतील औषध म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपला तांबडा कांदाच होय!

अडचण आहे ती मात्रेची. अर्काचा एक थेंब नव्याण्णव थेंबांत मिसळावयाचा, त्यांतला एक पुन्हां नव्याण्णवांत, असें तीस वेळां केलें म्हणजे ‘तीस’ नंबरचें औषध होतें. बाराव्या पायरीच्या पुढें मूळ द्रव्याचा एक रेणूहि हातीं लागण्याचा संभव फारसा उरत नाहीं, असें रसायनशास्त्र सांगतें. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनें उपलब्ध प्रयोगांची छाननी करून २०१५ सालीं असा निर्णय दिला कीं, कोणत्याहि विकारावर ही पद्धति गुणकारी ठरल्याचा विश्वसनीय पुरावा नाहीं. आमचें मतहि त्याच बाजूस झुकतें.

मग विचारी माणसें या पद्धतीकडे वळलीं तीं कां? कलकत्त्याचे डॉक्टर महेंद्रलाल सरकार हे तेथील मेडिकल कॉलेजचे एम्. डी.; प्रथम होमिओपाथीचे कडवे टीकाकार. १८६७ सालीं त्यांनीं भर सभेंत तिचा पक्ष घेतला व समव्यवसायी मंडळींचा बहिष्कार पत्करला. ज्या संस्थेच्या प्रयोगशाळेंत पुढें रामन् यांनीं आपला शोध लावला, ती संस्था १८७६ सालीं स्थापन करणारे हेच गृहस्थ. तेव्हां त्यांस भाबडे म्हणतां येत नाहीं. उत्तर त्या काळच्या पटकीच्या सांथींत सांपडतें. १८५४ सालीं लंडनच्या होमिओपाथिक रुग्णालयांत पटकीच्या रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें सोळा दगावले. इतर रुग्णालयांत हें प्रमाण निम्म्याच्या आसपास होतें. इतरत्र रोग्याचें रक्त काढीत, पारा देत, रेचकें देत. येथें यांपैकीं कांहीं होत नसे. औषधानें तारलें नसेल, पण मारलेंहि नाहीं; आणि त्या काळीं एवढेंहि थोडें नव्हतें.

आमच्या थोरल्या काकूंनीं ही पेटी पुष्कळ वर्षें संभाळली आहे. त्यांची एक टिपणवहि आहे. कोणास काय झालें, कोणती कुपी काढली, किती दिवसांनीं उतार पडला, हें सारें तींत लिहिलेलें. पडशाखोकल्याच्या बहुतेक नोंदींपुढें पांच, सहा, सात असे दिवस आहेत. एका हिंवाळ्यांत पेटी त्यांच्या लेकीकडे नाशकास राहिली, पण काकूंनीं नोंदी सोडल्या नाहींत. त्या हिंवाळ्यांतलीं पडशींहि पांच, सहा, सात दिवसांनींच गेलीं! हें आम्हीं दाखविलें तेव्हां त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “अरे, तेवढे दिवस पोरांना धीर नको का द्यायला?”

पण दुसरी एक नोंद अशी सहज उडवून लावतां येत नाहीं. काका गेल्यावर काकूंची झोंप वर्षभर उडाली होती. नाशकाच्या एका होमिओपाथ डॉक्टरांनीं त्यांस दीड तास समोर बसविलें. तहान किती लागते, स्वप्नें कसलीं पडतात, रात्रीं भय वाटतें काय, रडूं येतें कीं दाटून राहतें, असें एकेक विचारलें. घरांत माणसें भरपूर, पण हें कोणींच विचारलें नव्हतें. विचारणें हें सुचलेंहि नव्हतें. गोळ्या दिल्या, पंधरवड्यांत झोंप लागूं लागली. श्रेय गोळीचें कीं त्या दीड तासाचें, याविषयीं आमच्या घरांत अद्यापि दोन तट आहेत. मोठ्या दवाखान्यांतील वैद्यांस रोग्यामागें पांच मिनिटेंहि मिळत नाहींत, त्यांनीं या दीड तासाचा हेवा करावा असें आम्हांस वाटतें.

निसर्गोपचाराविषयींहि आमचा अनुभव असाच आहे. महात्मा गांधींनीं १९४६ सालीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें निसर्गोपचार आश्रम काढला. तेथून आमचे एक बंधु महिन्याभरानें परतले ते हलके होऊन. कटिस्नानाचें माहात्म्य ते अजून गातात. वेळेवरचें मिताहारी जेवण आणि पहांटेचें फिरणें यांचा मात्र त्यांच्या कथेंत उल्लेख येत नाहीं.

खरी परीक्षा झाली ती एका वैशाखांत. दीड वर्षांच्या नातवास मध्यरात्रीं पेजेच्या पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. डोळे खोल गेले, टाळू बसली. हानेमाननीं १८३१ सालीं पटकीवर कापूर सुचविला होता, हें आमच्याकडील एका पोक्त गृहस्थांस त्याच वेळीं आठवलें. काकूंनीं पेटीस कुलूप घातलें, किल्ली निऱ्यांत खोंवली आणि सुनेस मीठसाखरेचें पाणी करावयास सांगितलें. दर मिनिटास एक चमचा, ओकला तरी थोडें थांबून पुन्हां एक, असें चालूं ठेवून पहांटेच्या आंत मूल मोटारींतून रुग्णालयांत पोंचविलें. तेथें शिरेंतून सलाईन दिलें. तिसऱ्या दिवशीं तें खेळूं लागलें.

हें मीठसाखरेचें पाणी आजीबाईच्या बटव्यांतलें दिसतें खरें, परंतु तें कसोटीवर उतरलेलें आहे. १९७१ सालीं बंगालांतील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली व सलाईन संपलें, तेव्हां डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा यांचें पाणी पिंपांतून पाजविलें. छावणींतील शेंकडा तीसच्या घरांतील मृत्यु चारांच्याहि खालीं आले. साखरेच्या सोबतीनें मीठ आंतड्यांत शोषलें जातें व त्यामागून पाणी जातें, एवढेंच त्यांतील मर्म.

आतां आमची पुतणी येथेंच, नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या होमिओपाथी महाविद्यालयांत शिकते. साडेपांच वर्षांच्या या क्रमांत शरीररचना व रोगनिदान हेहि विषय असतात. घरांत कोणी आजारी पडलें कीं ती पेटीकडे न जातां प्रथम नाडी व जीभ पाहते. “मोठ्या आजी, ताप चौथ्या दिवशींहि उतरला नाहीं तर रक्त तपासायचं, तोंवर तुमच्या गोळ्या खुशाल द्या,” असें तिनें काकूंस सांगितलें आहे, आणि काकूंस तें मान्य आहे. पेटीच्या झाकणाला आंतून तिनें एक कागद डकविला आहे: स्वच्छ पाणी एक लिटर, साखर सपाट सहा चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा, मूल पीत नसेल, सुस्त पडेल किंवा शौचांत रक्त दिसेल तर थांबूं नये. त्याच्या खालीं काकूंनीं स्वतःच्या अक्षरांत मोटारवाल्याचा टेलिफोन नंबर लिहून ठेवला आहे.