‘जाऊ नको’ची घडण

कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन खडवली. पावसाळ्यात इथे भातसा नदीवर माणसं लोटतात आणि काठावर एकच वाक्य सारखं ऐकू येतं: आत जाऊ नको. हे वाक्य कसं घडतं?

आधी होकारी आज्ञा पाहू. ‘बस’चं ‘बसा’, ‘कर’चं ‘करा’ सरळ होतं. पण ये, दे, घे, हो, पी ही धातुमंडळी हट्टी आहेत: या, द्या, घ्या, व्हा, प्या. भूतकाळात तर ‘जा’चं ‘गेला’ होतं, ‘ये’चं ‘आला’. एवढी वळणं घेणारे हे धातू नकारात मात्र शहाण्यासारखे वागतात. मूळ धातू घ्यायचा, त्याला ‘ऊ’ जोडायचा, पुढे नको किंवा नका: येऊ नका, देऊ नका, होऊ नका. ‘पी’ तेवढा ऱ्हस्व होतो, पिऊ. आणि ‘लिही’मधली शेवटची ई गळते, लिहू. मला ही शिस्त फार आवडते.

स्पॅनिशमध्ये उलट आहे. तिथे नकार आला की क्रियापदच रूप बदलतं. ‘ये’ म्हणजे ‘बेन’, पण ‘येऊ नको’ म्हणजे ‘नो बेंगास’. ‘मी येतो’ला ‘बेंगो’ म्हणतात. त्यातला शेवटचा ओ काढून आस लावला की झालं. बरीचशी अनियमित क्रियापदं या वाटेने सुटतात. ‘जा’ सुटत नाही: ‘बे’, पण ‘नो बायास’. ते पाठच करावं लागतं.

आपल्याकडे अडतं ते लिहिताना. धातूतच व असेल तर वू: ठेवू, जेवू, धावू. नसेल तर ऊ: जाऊ, खाऊ, घेऊ. म्हणून ‘जावू नका’ चूक आणि ‘धावू नका’ बरोबर. ही चूक पाट्यांवरही दिसते, आणि सावधगिरीची पाटी तरी शुद्ध असावी असं मला मनापासून वाटतं.

समोरच्या पोराला ‘जाऊ नकोस’, काकांना ‘जाऊ नका’. समोर कोणी ठरावीक माणूस नसेल तर ‘नये’, आणि तेव्हा कर्त्याला ने किंवा नी लागतो: पर्यटकांनी पात्रात उतरू नये. इथे आणखी एक बारकावा आहे. कर्म अनेकवचनी असेल तर नयेत: नदीत कपडे धुऊ नयेत, काठावर बाटल्या फोडू नयेत. पण त्या कर्माला ना लागला की क्रियापद एकवचनीच राहतं: मुलांना पाण्याजवळ एकटं सोडू नये.