टांगत्या एंजिनाची डागडुजी

होडीच्या पाठीस टांगावयाच्या एंजिनास व्यवहारोपयोगी रूप दिलें तें ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें, १९०९ सालीं, अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं. अशा लहान एंजिनांची रचना इतकी सुटसुटीत असते कीं, जुनें एंजिन घरच्या घरीं उघडून जोडतां येतें. भंगारांतील असेंच एक एंजिन आम्हीं खाडींतल्या आमच्या होडीसाठीं स्वस्तांत घेतलें.

पहिली परीक्षा फुकटाची. प्लग काढून त्या छिद्रावर अंगठा धरावा व दोरी ओढावी. हवेच्या दाबानें अंगठा जोरानें उडाला तर सिलिंडर शाबूत समजावा. एरव्हीं पुढें पैसा घालूं नये. नंतर ठिणगीसाठीं पॉइंट घासून स्वच्छ करावे. शेवटीं कार्ब्युरेटर रॉकेलनें धुऊन त्याचीं बारीक छिद्रें मोकळीं करावीं. येथवर श्रम लागतात, पैसे नव्हेत.

आमची चूक पुढें झाली. आम्हीं रंगास पैसे दिले आणि पंपांतील रबरी पंखा जुनाच ठेविला. हा पंखा खालून पाणी ओढून सिलिंडर थंड राखतो. वर्षें लोटलीं कीं रबर कडक होऊन त्याचीं पातीं मोडतात. ऐन ओहोटीस, खाडीच्या मुखाशीं एंजिन तापलें व पिस्टन अडकला. आणि होडींत मुलेंबाळें! वल्हीं बरोबर होतीं म्हणून सारीं सुखरूप परतलीं. दुरुस्तीस मात्र एंजिनाच्या किमतीहून अधिक खर्च आला.

वाचकहो, काटकसर रंगांत करावी, रबरांत नव्हे. एंजिन सुरू होतांच पाणी बाहेर पडतें कीं नाहीं, तें आधीं पाहावें. आणि वल्हीं कधींही घरीं ठेवूं नयेत.