महाराष्ट्रातील थंडी : निरभ्र रात्रींचा हिशेब

महाराष्ट्रातील थंडी बाहेरून जेवढी येते, त्याहून अधिक इथल्या इथे तयार होते. डिसेंबर-जानेवारीत ‘उत्तरेत बर्फवृष्टी, राज्य गारठले’ अशी जोडबातमी ठरलेली असते. त्यामुळे काश्मीरचा गारठा वाऱ्यावर बसून थेट निफाडला उतरतो, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात पंजाबातून निघालेल्या हवेला विदर्भ गाठायला हजारेक किलोमीटर जमिनीवरून यावे लागते आणि वाटेत ती रोज दिवसभर ऊन खाते. तिचा बराचसा गारवा प्रवासातच सरतो. टिकतो तो कोरडेपणा, आणि महाराष्ट्राच्या थंडीला खरी गरज त्याचीच असते. विदर्भ आणि खानदेश उत्तरेला जवळ असल्याने तिथे थेट गारवाही थोडाफार पोचतो. दक्षिणेकडे जावे तसा हा वाटा घटत जातो.

ऋतूचे मूळ अर्थातच सूर्याच्या उंचीत आहे. २१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो आणि दिवस साधारण ११ तासांचा असतो. तिरपे ऊन जास्त जमिनीवर पसरते, म्हणून तेवढ्याच जागेला कमी उष्णता मिळते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तीही याच सुमारास, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. थंडीचा सूर्यापासूनच्या अंतराशी संबंध नाही, याला यापेक्षा सोपा पुरावा नको. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो; पण काळोखात शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांना ते कोणी पटवून देऊ शकणार नाही. पृथ्वीच्या आसाचा कल आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे या दिवसांत मध्यान्हाची वेळच रोज थोडी पुढे सरकत असते. त्यामुळे पुण्या-मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीसच होऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपास येतो. भोगीची बाजरीची भाकरी खाल्ली जाते ती वर्षातल्या सर्वांत आळशी पहाटेनंतर.

तिरप्या उन्हाने थंडीची तयारी होते. प्रत्यक्ष थंडी पडते रात्री. जमीन दिवसभर तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने चोवीस तास आकाशाकडे फेकत असते. दिवसा जमा जास्त, म्हणून हे जाणवत नाही. सूर्य मावळला की नुसता खर्च उरतो. हवेतील बाष्प आणि ढग यातली बरीच उष्णता शोषून पुन्हा जमिनीकडे पाठवतात. आकाश ढगाळ असले की ढगांचा तळ हे एक पांघरूणच होते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला, असे तिन्ही जुळून आले की साधारण ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण फारशी अडवणूक न होता अवकाशात निघून जातात. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा तिच्यामुळे गार होते, आणि हा उतार सूर्योदयानंतर काही मिनिटांपर्यंत चालूच राहतो. दिवसाचे किमान तापमान मध्यरात्री नव्हे, तर झुंजूमुंजू झाल्यावर नोंदले जाते ते यामुळे.

या उताराला एक नैसर्गिक लगाम आहे, तो दवाचा. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की बाष्पाचे पाणी होऊ लागते आणि त्यातून सुप्त उष्णता बाहेर पडते. तापमानाची घसरण मंदावते. हवेत बाष्प जितके कमी तितका दवबिंदू खाली, आणि लगाम बसायला तितका उशीर. उत्तरेचे वारे हवेतील बाष्प कमी करण्याचे हेच काम करतात. त्यांच्यामागे उत्तर आणि मध्य भारतावरचा उच्च दाबाचा पट्टा असतो. तिथे हवा वरून खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि सापेक्षतेने आणखी कोरडी होते. कोरडेपणाचा परिणाम दिवसाच्या आकड्यांतही दिसतो. जानेवारीत पुण्यात दुपारी ३० अंश आणि पहाटे ११ अंशांच्या आसपास तापमान असते. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, हा पुणेकरांचा हट्ट नसून दख्खनच्या पठाराचा स्वभाव आहे.

पारा ‘घसरला’ म्हणतात तो नेमका कुठे? वेधशाळेच्या हिरवळीवर जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत. स्टीव्हन्सन पेटी म्हणतात ती हीच. पारंपरिक किमान तापमापकात पारा नसतोच, अल्कोहोल असते. नळी आडवी ठेवलेली असते आणि द्रवात डमरूसारखी एक बारीक काडी असते. थंडीने अल्कोहोल आकुंचन पावते, त्याचा पृष्ठभाग काडीला मागे ओढत नेतो. ऊब आली की द्रव काडीच्या बाजूने पुढे निघून जातो आणि काडी मात्र रात्रीच्या नीचांकावर पडून राहते. सकाळी साडेआठला निरीक्षक तो आकडा टिपतो आणि नळी कलती करून काडी पुन्हा जागेवर आणतो. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत इथे होते, त्यामुळे या शहराला अशा नोंदींची सवय जुनी आहे. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. तो नीचांक अजून मोडलेला नाही.

पेटीतील हवा आणि जमिनीवरचे गवत यांच्या तापमानात निरभ्र रात्री काही अंशांचा फरक पडतो. महाबळेश्वरात दरवर्षी दिसणारा चमत्कार यातूनच उलगडतो. वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे थेंब गोठल्याची छायाचित्रे ज्या दिवशी छापून येतात, त्याच दिवशी गावच्या वेधशाळेतील किमान तापमान बहुधा शून्याच्या बरेच वर असते. दोन्ही खरे असते. तलावाचा परिसर सखल आहे. रात्री भोवतालच्या उतारांवरची गार, जड हवा पाण्यासारखी वाहत तिथे येऊन साचते. मोटारींचे टप, स्ट्रॉबेरीची पाने, नौकाविहाराच्या जेटीच्या फळ्या अशा आकाशाकडे तोंड केलेल्या वस्तू हवेपेक्षाही जास्त गार होतात आणि त्यांच्यावर पांढरा थर धरतो. झाडाखाली उभ्या केलेल्या मोटारीवर मात्र तो सहसा नसतो, कारण तिच्यावर आकाशाऐवजी पानांचे छत असते. याला बर्फ पडणे म्हणत नाहीत. ते गोठलेले दव किंवा हिमतुषार. ढगातून तिथे काहीही पडलेले नसते.

सखल जागी हवा साचण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण निफाड. उंचीवर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी कमी होते, हा शाळेतला नियम इथे पहाटे उलटा चालतो. निफाड तालुका गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात आहे, नाशिक शहराहून खालच्या पातळीवर, तरीही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील आकडा नाशिकपेक्षा बहुतेकदा कमी असतो. ५ अंशांखालच्या नोंदी तिथे नवलाच्या राहिलेल्या नाहीत. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा, या उलट्या रचनेला तापमानाची व्युत्क्रमणता म्हणतात. खोऱ्यातील मोकळी शेती, काँक्रीटचा अभाव आणि पडलेला वारा तिला हातभार लावतात.

द्राक्षबागाईतदाराला हे शब्द ठाऊक असोत-नसोत, व्युत्क्रमणतेशी त्याची रोजची गाठ असते. पारा ४-५ अंशांवर आला की वेलीच्या मुळ्यांचे काम मंदावते आणि मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरण्याच्या अवस्थेतील मण्यांना तडे जातात. दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठ्या तफावतीने हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, तिला बागाईतदार ‘पिंक बेरी’च म्हणतात, आणि ती टाळायला घडांना जुन्या वर्तमानपत्रांचे कागद गुंडाळतात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करण्याची रीतही सर्वत्र आहे. धुराचे कण अवरक्त किरण अडवायला फार बारीक असतात, त्यामुळे नुसत्या धुराच्या पांघरुणाचा उपयोग थोडाच. जाळाच्या उष्णतेने हवा ढवळली जाते आणि वरची उबदार हवा खाली येते, हा खरा लाभ. पहाटे ठिबक सोडणे त्याहून भरवशाचे : ओली माती दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती खालून वर सहज पोचवते.

हीच थंडी दुसऱ्या पिकाला मात्र हवीहवीशी असते. गव्हाला फुटवे चांगले येतात ते तापमान उतरल्यावर.  कोकणात हापूसला मोहोर फुटायला रात्रीचा गारवा लागतो. तो वेळेवर मिळाला नाही तर झाड मोहोराऐवजी पालवी काढते.

शेतकऱ्याला खरी धास्ती कडाक्यापेक्षा ढगांची असते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी चक्रावात हिवाळाभर एकामागून एक उत्तर भारतावरून सरकतात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ पडते. ते जवळ येताना वारे दिशा बदलून दक्षिणेकडचे बाष्प ओढतात, महाराष्ट्रावर ढग येतात आणि रात्री उबदार होतात. ते पूर्वेकडे निघून गेल्यावर कोरडे उत्तरी वारे परततात आणि पारा उतरतो. म्हणजे बर्फवृष्टी आणि इथली थंडी ही कारण-परिणाम नसून एकाच घटनेची दोन टोके आहेत. दुसरी अडचण बंगालच्या उपसागराकडून येते. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातील थंडी गायब झाली. अशा ढगाळ दिवसांत द्राक्षावर डावणी, हरभऱ्यावर घाटेअळी आणि आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे हमखास येतात.

मुंबईचे प्रकरण निराळे आहे. अरबी समुद्राचे पाणी हिवाळ्यातही २६-२७ अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे किनाऱ्यावरची रात्र फार उतरत नाही. कुलाबा हे तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले असल्याने सांताक्रूझपेक्षा नेहमीच उबदार. ईशान्येकडचा जमिनीवरचा वारा जोर धरतो तेव्हाच मुंबईकर कपाट उघडतात. जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली होती. शहरात व्युत्क्रमणतेचा दुसराच ताप होतो : वरच्या उबदार थराचे झाकण बसते आणि धूर-धूळ त्याखाली कोंडून राहते. तेच पुण्यातही. शिवाय सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्री हळूहळू सोडत असल्याने मगरपट्टा आणि हवेलीतील मोकळी माळराने यांच्या किमान तापमानात कधी सहा-सात अंशांचा फरक पडतो. ‘पुण्याचे तापमान’ हा शब्दप्रयोग त्यामुळे आता फारसा अर्थपूर्ण उरलेला नाही. कुठल्या पुण्याचे, हे विचारावे लागते.

थंडीची लाट म्हणायलाही मोजमाप आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असावे लागते. पारा ४ अंशांवर आला तर सरासरी पाहण्याची गरज नाही. किनारपट्टीला १५ अंशांची सवलत आहे.

फेब्रुवारीत ऊन चढू लागते, पण वारे लगेच बदलत नाहीत. जमिनीवरचा जो कोरडा वारा जानेवारीत मुंबईची पहाट गार करतो, तोच आता तापलेल्या पठारावरून येतो आणि समुद्रवाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो; पारा ३५ अंशांच्या पुढे जातो. हवामान खात्याच्या वर्गीकरणात हिवाळा म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. त्यामुळे मुंबईची ती घामट दुपार हिवाळ्यात मोडते, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात नोंदले गेलेले विक्रमी ३.५ अंश कागदोपत्री पावसाळ्यानंतरच्या ऋतूत जमा आहेत.