पूर्णेकाठी हाडांचा शोध

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. खड्ड्यात माणसाचा प्रचंड सांगाडा आणि त्याच्या कवटीजवळ बाहुलीएवढा दिसणारा मजूर. खाली लिहिले होते की हा हजरत हूद (अ.) यांच्या आद कौमचा माणूस असून वाळवंटात सापडला आहे. फोटो बडे अब्बांनी पाठवलेला, म्हणून सगळ्यांनी ‘सुब्हानल्लाह’ लिहिले. नववीतल्या मुलाने मात्र आम्हाला विचारले, “अब्बू, आपल्या हिंगोलीच्या मातीतही अशी हाडं असतील का?”

घरात बसून उत्तर देण्यापेक्षा काठावर जाऊन शोधू, असे आम्ही ठरवले. मे महिन्यात सिद्धेश्वर धरणाचे पाणी ओसरते आणि पूर्णेचे बुडालेले काठ उघडे पडतात. ओळखीच्या एका भोईमामांनी होडी देण्याचे कबूल केले. फजरची नमाज अदा करून आम्ही नवरा-बायको आणि दोन्ही मुले निघालो. लाइफ जॅकेट आधीच मागून आणली होती.

होडीत बसल्यावर मुलांना सांगितले, काळ्या खडकात शोधू नका. मराठवाड्याचा हा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तापलेल्या लाव्ह्यात हाड कसे टिकणार? शोधायचे ते नदीच्या जुन्या गाळात आणि खडीत. मेलेले जनावर गाळाखाली लवकर गाडले गेले, तर पाण्यातली खनिजे हाडात झिरपतात आणि हजारो वर्षांत ते दगडासारखे जड होते. आपली पूर्णा ज्या गोदावरीला मिळते, तिच्या काठी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर येथे नामशेष झालेल्या महाकाय हत्तीचे अवशेष शंभर वर्षांपूर्वीच सापडले आहेत. लातूरकडच्या मांजरा नदीच्या गाळातही हत्तींचे जीवाश्म मिळाले आहेत.

भोईमामा हसले. “सर, हाडं लई सापडतेत इथं. पण म्हशीचे!”

तसेच झाले. पहिले हाड म्हशीचेच निघाले, हलके आणि ठिसूळ. मुलाला सापडलेले पांढरे ‘हाड’ म्हणजे चुनखडीचा कंकर होता. मग मुलगी ओरडली, “अब्बू, झाड!” तिच्या हातातल्या गारगोटीत नेच्यासारखी काळी नक्षी होती. मुलाने लगेच मोबाइल काढला. “ग्रुपवर टाकू? पूर्णेत सापडले लाखो वर्षांचे झाड!”

खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही मोह झाला. पण भिंगातून पाहिले तर पानाची मधली शीर नव्हती, देठ नव्हता. सगळ्या फांद्या दगडातल्या एका भेगेपासून फुटल्या होत्या. मँगेनीजयुक्त पाणी भेगेत झिरपले की अशी नक्षी उमटते. तिला डेंड्राइट म्हणतात. ती सुंदर असते, पण तो जीवाश्म नसतो. मुलीचा चेहरा उतरला.

तेव्हा आम्ही त्या सांगाड्याची हकीकत सांगितली. तो फोटो २००२ मध्ये छायाचित्रांच्या एका स्पर्धेसाठी संगणकावर जोडून तयार केला होता. मूळ फोटो होता अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात २००० मध्ये झालेल्या उत्खननाचा. तिथे मास्टोडॉन या हत्तीसारख्या प्राण्याची हाडे निघाली होती. मुलगा म्हणाला, “मग बडे अब्बा खोटं बोलले?” नाही. त्यांनी पडताळले नाही, एवढेच. आलेल्या बातमीची खातरजमा करा, हा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे. आदची हकीकत कुरआनात आहे. आमच्या ईमानला बनावट हाडांचा आधार कशाला हवा?

परतताना मुलीने खिशातले गोल गोटे पुढे केले. “मग हे तरी कशाचे?” तिला अल-बिरुनींची गोष्ट सांगितली. सुमारे १०३० मध्ये लिहिलेल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात त्यांनी नोंदवले आहे की डोंगराजवळ नदीतले दगड मोठे असतात, पुढे लहान होत जातात आणि मुखाशी वाळू उरते. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की ही मैदाने कधीकाळी समुद्र होती आणि नद्यांच्या गाळाने भरून आली. जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात पाहा, असे कुरआन सांगतो. गोट्यांकडेही तसे पाहता येते.

संध्याकाळी मुलाने त्या नक्षीचा फोटो ग्रुपवर टाकला. लिहिले, ‘हे झाड नाही.’ बडे अब्बांना मात्र ग्रुपवर न टोकता आम्ही फोन करून सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी काढून टाकतो तो फोटो. पण त्या नाशिकच्या हत्तीचं नीट सांग, ते ग्रुपवर टाकू.”